एसएमपीएस टेस्टर : डेस्कटॉप अचानक सुरू होईनासा झाल्यावर कितपत उपयोगी?

डेस्कटॉपचे बटण दाबूनही पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही आणि बीपही ऐकू येत नाही, अशा वेळी दोष वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमध्ये आहे की मदरबोर्डमध्ये, हा पहिला प्रश्न असतो आणि त्याच्या उत्तरावर सगळा खर्च अवलंबून असतो. हे उत्तर मिळवण्यासाठी मी ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, डिजिटल पडद्याचा एक साधा एसएमपीएस टेस्टर घेतला. तो काहीशे रुपयांत मिळतो, तळहातावर मावतो आणि त्यावर कोणत्याही नामांकित कंपनीचे नाव नाही. मुलुंडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात आणि नातेवाइकांकडे तो वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, टेस्टरने दोष दाखवला तर त्यावर विश्वास ठेवावा. मात्र सर्व ठीक असल्याचा निर्वाळा दिला, तर तेवढ्यावर थांबू नये.

संस्थेचा संगणक वीज जाऊन परत आल्यानंतर सुरू होईना. सभासदांच्या देखभाल शुल्काची बिले त्यावरच तयार होत असल्याने सगळ्यांनाच घाई होती. एका दुरुस्ती करणाऱ्याने फोनवर वर्णन ऐकूनच मदरबोर्ड उडाल्याचे सांगून टाकले आणि जुन्या प्रकारचा बोर्ड आता मिळत नसल्याने प्रोसेसर व रॅमही बदलावी लागेल, असेही सुचवले. सेक्रेटरी खर्च मंजूर करण्याच्या बेतात असताना मी आधी शहानिशा करू देण्याची विनंती केली. त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण चालते का, स्पाइक गार्ड वगळून थेट जोडणी केल्यास काही फरक पडतो का, मॉनिटरची विजेची केबल संगणकाला लावल्यास काय होते आणि एसएमपीएसच्या मागचे बटण चालू आहे ना, एवढे पाहून झाल्यावरच टेस्टरची पाळी आली.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. वीज बंद करून, खटका दाबून मदरबोर्डवरील 24 पिनांचा जाड कनेक्टर सरळ वर ओढून काढायचा, तो टेस्टरमध्ये बसवायचा आणि वीज सुरू करायची. एसएमपीएस सुरू होण्यासाठी हिरवी तार काळ्या तारेशी जोडली जावी लागते. पूर्वी हे काम कागदाच्या क्लिपने केले जाई; येथे ते टेस्टर स्वतः करतो. शिवाय क्लिपच्या चाचणीत पंखा फिरला एवढेच कळते, तर टेस्टर प्रत्येक व्होल्टेजचा आकडा दाखवतो. मान्य फरक 5 टक्क्यांचा असतो. म्हणजे 12 व्होल्टची तार 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टची तार 4.75 ते 5.25 या दरम्यान असायला हवी. आमच्या एसएमपीएसची स्टँडबाय तार, म्हणजे संगणक बंद असतानाही 5 व्होल्ट देणारी तार, 5.1 दाखवत होती, पण 12 व्होल्टच्या जागी ‘एलएल’, म्हणजे व्होल्टेज फारच कमी, अशी अक्षरे आली आणि टेस्टर सतत वाजू लागला. मदरबोर्डवरचा छोटा दिवा पेटलेला असूनही संगणक सुरू का होत नव्हता, याचा उलगडा येथेच झाला. तो दिवा स्टँडबायच्या 5 व्होल्टवर चालतो, त्यामुळे तो पेटलेला दिसला तरी एसएमपीएस धडधाकट आहे असे सिद्ध होत नाही. नवा एसएमपीएस बसवताच संगणक सुरू झाला आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम जसेच्या तसे कामात आले. केवळ या एका प्रसंगासाठीही मी टेस्टरची किंमत वाजवी मानतो.

त्याची मर्यादा दादरला भाच्याच्या संगणकावर स्पष्ट झाली. बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा घेई आणि थांबे. टेस्टरने मात्र 12.1, 5.0 आणि 3.3 असे निर्दोष आकडे दाखवले. व्होल्टेज स्थिर झाल्याचे एसएमपीएस मदरबोर्डला ज्याने कळवतो त्या पॉवर गुड संकेताची वेळही 100 ते 500 मिलिसेकंदांच्या अपेक्षित पट्ट्यात होती. मल्टिमीटरनेही जवळपास तेच आकडे दिले, म्हणजे टेस्टरच्या मोजण्यात खोट नव्हती. कारण वेगळे होते. हा टेस्टर एसएमपीएसकडून अगदी नगण्य प्रवाह घेतो, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड 12 व्होल्टच्या तारेवर एका क्षणात कितीतरी अँपिअर मागतात. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, थकलेला एसएमपीएस विनाभार उत्तम दिसतो आणि भार पडताच मान टाकतो. ग्राफिक्स कार्ड काढल्यावर संगणक सुरू झाला, त्यामुळे संशय आधी कार्डवर गेला. पण दुसऱ्या संगणकाचा एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहिला तेव्हा त्याच कार्डासह यंत्र व्यवस्थित चालले आणि सोक्षमोक्ष लागला. टेस्टरने हिरवा कंदील दिल्यावर करायची पुढची चाचणी हीच, म्हणजे दुसरा एसएमपीएस जोडून पाहणे. तिच्याआधी पॉवर बटणाची तार काढून बोर्डवरील त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर लावून पाहावे; कधीकधी बटणच निकामी झालेले असते.

सोबतचे माहितीपत्रक निरुपयोगी आहे. प्रोसेसरचा 8 पिनांचा आणि ग्राफिक्सचा 6 पिनांचा कनेक्टर एका वेळी एकच लावावा, ही महत्त्वाची सूचना त्यात बारीक अक्षरांत दडलेली आहे. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या काही डेस्कटॉपमध्ये 24 पिनांचा कनेक्टरच नसतो. तेथे हा टेस्टर काहीच कामाचा नाही. मुंबईच्या दमट हवेत त्याच्या पिना काळवंडू नयेत म्हणून मी तो सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवतो. आणि आकडे चुकीचे आले म्हणून एसएमपीएसचा डबा उघडण्याच्या फंदात कोणीही पडू नये, कारण वीज काढल्यानंतरही आतील मुख्य कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

टेस्टर विकत घेताना दुकानदाराला तो चालू एसएमपीएसला लावून दाखवायला सांगावे; लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने मला तो कुरकुर न करता दाखवला. नवा एसएमपीएस घ्यायला जाल तेव्हाही टेस्टर सोबत न्यावा आणि काउंटरवरच सर्व आकडे पाहून मग पैसे द्यावेत.