रबरी होडी की फायबरची? बदकांमागे जाणाऱ्यांसाठी

आमच्या आजोबांची लाकडी बदकं बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात माळ्यावर अजून आहेत. ती पाण्यात सोडायची, त्यांना भुलून खरी बदकं खाली उतरली की बार काढायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या हौसेला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीनं ती संपलीच, आणि बरंच झालं. पण पहाटे चारला उठून थंडीत पाण्यावर जायची खोड रक्तात उतरली ती उतरलीच. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. बाकी सगळं तेच: बारदान, दबा धरून बसणं आणि होडी.

होडी कुठली घेऊ, असं दिवाळी झाली की कोणी ना कोणी विचारतंच. मी दोन्ही वापरल्यात. आधी दोन हिवाळे फुगवायची कयाक (सगळे तिला रबरी म्हणतात, असते पीव्हीसीची), आणि आता चौथा हिवाळा सपाट बुडाची दहा फुटी फायबरची. मोजमाप काही केलेलं नाही, जे भोगलं तेवढं सांगतो.

त्याआधी दोन गोष्टी. वढवाण्याला जाऊन होडीचा विषय काढू नका. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला तो तलाव २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथे पाळीवर दुर्बीण लावून बसण्यात जे सुख आहे ते पुरे. मी बोलतोय गावतलावांबद्दल, तेही पंचायत आणि मासेमारीचा इजारदार, दोघांना विचारून. न विचारता उतरलात तर इजारदार तुम्हाला जाळी चोरायला आलेला समजतो, आणि त्याचं चुकतही नाही. दुसरी गोष्ट लाइफ जॅकेटची. जानेवारी २०२४ मध्ये हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. या शहरात राहून ज्याला अजून जॅकेट म्हणजे गबाळेपणा वाटतो, त्याच्याशी मी होडीबद्दल बोलतच नाही.

आता रबरीचं कौतुक. मनापासून करतो, कारण दोन वर्षं तिनं मला पुष्कळ दिलं. घडी करून पिशवीत भरायची, स्कूटरवर पुढे पायाशी ठेवायची, निघायचं. कोणाची मिनतवारी नाही, टेम्पो नाही. पाण्यावर ती अगदी मुकी. लाटा तिच्या फुगीर कडेला नुसत्या टेकतात, आवाज म्हणून नाही. आपण पाण्याच्या जवळ बसतो, त्यामुळे फोटोत बदक आपल्या डोळ्यांसमोर येतं, वरून पाहिल्यासारखं दिसत नाही. थापट्या (पसरट चोचीचं बदक) चोच पाण्यात घालून गाळत असतो, तेव्हा चोचीच्या कडेनं ओघळणारं पाणी मी पहिल्यांदा तिच्यातूनच पाहिलं.

लोक तिला पंक्चरला घाबरतात. आपल्याकडे गांडो बावळ (वेडी बाभूळ) प्रत्येक तलावाच्या काठी माजलाय, त्याचे काटे चपलेतून टाचेत जातात, तर पीव्हीसीची काय कथा! पण खरं सांगू, पंक्चर हा माझा आक्षेप नाही. दोनदा झालं, दोनदा ठिगळ लावलं. हवेचीही तशीच गंमत: थंड पहाटे घट्ट भरलेली होडी अकराला काठावर उन्हात विसरलात तर फुगून टणक होते. थोडी हवा सोडायची, झालं. घरी आणल्यावर वाळवायची कटकट मात्र आहे. बाल्कनीत दोन दिवस शेवाळाचा वास, आणि बायको त्या दोन दिवसांत होडीबद्दल काही बोलत नाही, बाकी सगळ्याबद्दल बोलते.

हे सगळं चाललं असतं. नाही चाललं ते एकच.

बदक उडतं ते वाऱ्याच्या तोंडावर. म्हणून मुरलेला माणूस वारा पाठीशी घेतो, वल्हं आडवं ठेवतो आणि वाऱ्याबरोबर थव्याकडे नुसता वाहत जातो. बदकं उठली की वाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडेच येतात. हिवाळ्यात इथे सकाळचा वारा बहुतेक उत्तरेकडून असतो, त्यामुळे उत्तर काठावरून उतरलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम म्हणजे दोन्ही हात कॅमेऱ्यावर. आणि वल्हं खाली ठेवल्याक्षणी रबरी होडी फिरायला लागते. हलकी, पाण्याबाहेर भरपूर अंग, पाण्याखाली काहीच नाही. वारा तिला बोटानं ढकलावं तशी वळवतो. जोरात नाही हो, अगदी सावकाश, सभ्यपणे.

एक सकाळ सांगतो. मोठ्या लालसरीचा थवा होता, तीसेक तरी. नरांची ती नारिंगी डोकी पहिल्या उन्हात निखाऱ्यासारखी. वारकरी पक्षी कडेला होते, ते आधी पळतात आणि सगळ्यांना उठवतात, म्हणून त्यांना वळसा घालून मी पाऊण तास खर्चला होता. साठ पावलांवर आलो. वल्हं मांडीवर ठेवलं, कॅमेरा उचलला, लालसऱ्या चौकटीत घेतल्या, आणि त्या डावीकडे सरकायला लागल्या. मी कमरेतून वळलो. आणखी वळलो. मान मोडायची वेळ आली तेव्हा चौकटीत पाळ होती, पाळीवर एक म्हैस, आणि तिच्याशेजारी तोंडात दातण धरून एक काका माझ्याकडे बघत होते. मागे पंखांचा फडफडाट झाला तो नुसता ऐकला.

असं दोन हिवाळ्यांत किती वेळा झालं ते मोजलं नाही. पण माझ्याकडे म्हशींचे फार सुंदर फोटो आहेत.

उपाय केले. बुडाखाली लावायचं पातं लावलं, तर ती सरळ राहते, पण बदकं असतात तिथे पाणी गुडघाभर आणि शेवाळ उदंड. दहा हातांत पात्याला दाढी येते. मागे दोरीनं रंगाचा रिकामा डबा सोडला, की तो पाणी ओढेल आणि होडी सरळ राहील. उघड्या पाण्यात थोडा फरक पडला, वनस्पतीत डब्याचीच भाजी झाली. कदाचित माझ्या हातात ती कला नसेल. ज्यांना जमतं त्यांना नमस्कार.

फायबरची होडीही वाऱ्यात फिरते, खोटं कशाला बोलू? पण ती जड, त्यामुळे फिरायला वेळ घेते, आणि मुख्य म्हणजे तिला थांबवता येतं. दोन्ही टोकांना मी लोखंडी कड्या बसवून घेतल्यात. हव्या त्या जागी आलं की होडीच्या बुडावर पाय रोवून उभं राहायचं, कडीतून बांबू खाली गाळात दाबायचा, मग दुसऱ्या टोकाला दुसरा. बस. होडी पाटासारखी स्थिर. रबरीत उभं राहून बांबू दाबणं मी एकदा करून पाहिलं. तो किस्सा माझ्या जुन्या फोनला विचारा, तो अजून तळाशी आहे.

हिची दुखणी दोन. एक, सपाट पुढच्या तोंडाखाली बारीक लाट आली की थप् थप् आवाज होतो आणि सगळा तलाव माना वर करतो. तोंड थोडं पाण्यात बसलं की आवाज जातो, म्हणून पुढे वाळूची पिशवी ठेवतो. दुसरं दुखणं वजन, आणि ते खरंच मोठं आहे. एकट्यानं उचलायची नाही. मी ती गावातच एका ओळखीच्या काकांच्या शेतात, लिंबाखाली पालथी ठेवतो. म्हणजे एकाच तलावाशी लग्न लागलं. तुम्हाला दर रविवारी वेगळा तलाव हवा असेल तर माझं ऐकू नका, रबरीच घ्या. पण मला विचाराल तर एकच तलाव पाच महिने बघितला की कुठल्या कोपऱ्यात चक्रांग बसतात, तलवार बदकं किती वाजता परततात, हे आपोआप कळायला लागतं.

कडक प्लास्टिकची कयाक मित्राची वापरलीय. लेन्सचं झाकण आत पडलं आणि ढोल वाजला. शिवाय बूड ओलं. शिंगाडेवाल्यांची ट्रकची ट्यूब स्वस्त आहे, पण ती त्यांनाच शोभते.

मगरीचं विचारतातच, बडोदं आहे. तलावात मगर आहे का ते गावकऱ्यांना विचारा, आहे म्हणाले तर कुठलीच होडी नको. एवढं खरं, की पाणी खळबळलं तर फायबरमध्ये छाती जरा कमी धडधडते. त्याला शास्त्र काही नाही.

किमतीत फार फरक पडत नाही, कड्या आणि रंग धरला तरी. रंग मात्र बिनचमकीचा, शेवाळी द्या. माझी दुकानातून आली तेव्हा आकाशी होती, आणि पहिले दोन आठवडे बदकांनी मला जवळ केलं नाही.

रबरी अजून माळ्यावर आहे, आजोबांच्या बदकांशेजारी. ठिगळं दोन, पातं हरवलेलं. कोणाला पाहिजे असेल तर रविवारी सकाळ सोडून कधीही या. पंपही देतो, फक्त तो चालताना दमेकऱ्यासारखा खोकतो.