मिशिगनची रिकामी होणारी जागा: चार नावं, एकच ऑगस्ट

अंगणातला बर्फ अजून वितळलेला नाही, पण मिशिगनमधल्या आपल्या मराठी घराघरांत नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या गप्पा सुरू झाल्यात. खरं तर बोलायला हवं ते ऑगस्टबद्दल. मिशिगनचे डेमोक्रॅटिक सिनेटर गॅरी पीटर्स यांनी जानेवारी २०२५ मध्येच पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं, आणि २०१५ पासून त्यांच्याकडे असलेली जागा मोकळी झाली. सिनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, जागा सहा वर्षांची असते, सगळ्या राज्याची असते, आणि बसलेला माणूस स्वतःहून उठल्याशिवाय सहसा रिकामी होत नाही. डेमोक्रॅटिक उमेदवार कोण, हे ठरेल ४ ऑगस्ट २०२६ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानात. रिपब्लिकन बाजूला ट्रम्प यांचा पाठिंबा मिळाल्यापासून माइक रॉजर्स यांचाच रस्ता मोकळा दिसतो.

आधी एक हिशेब. इथे प्रायमरीत दुसरी फेरी नाही आणि पसंतीक्रमही नाही. डेमोक्रॅटिक बाजूच्या तिघांत मतं वाटली गेली, तर चाळीस टक्क्यांच्या आतबाहेरही उमेदवारी मिळू शकते. ‘माझ्या एका मतानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी राज्याच्या दुसऱ्या सिनेट जागेची २०२४ ची निवडणूक आठवावी: पंचावन्न लाखांहून जास्त मतांत डेमोक्रॅटिक एलिसा स्लॉटकिन रॉजर्स यांच्या पुढे राहिल्या त्या जेमतेम १९ हजारांनी.

आता माणसं.

हेली स्टीव्हन्स २०१९ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, कनिष्ठ सभागृहात आहेत. ओकलंड काउंटीचा मोठा भाग त्यांच्या मतदारसंघात येतो, म्हणून आपल्यातल्या अनेकांना त्या नावानं ठाऊक आहेत. २००९ मध्ये वाहन कंपन्या बुडत असताना ओबामांनी जो कार्यगट नेमला, त्याच्या त्या चीफ ऑफ स्टाफ होत्या. गाड्यांचे सुटे भाग, पुरवठादार, कारखान्यातलं कौशल्य हा त्यांचा रोजचा विषय. पुण्याहून येऊन ऑबर्न हिल्सला किंवा डिअरबॉर्नला गाड्यांवर काम करणाऱ्या घराला हे जवळचं वाटणारच. एप्रिल २०२५ पासून आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्क लागलं, तेव्हापासून तर जास्तच. दुसरी बाजू अशी की त्या इस्रायलच्या ठाम पाठीराख्या आहेत, आणि २०२२ च्या प्रायमरीत इस्रायल समर्थक गटानं त्यांच्यासाठी लाखो डॉलर ओतले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत याच राज्यात एक लाखावर डेमोक्रॅटिक मतदारांनी गाझाच्या प्रश्नावर ‘अनकमिटेड’ला, म्हणजे ‘कोणत्याच उमेदवाराला नाही’ या पर्यायाला, मत दिलं. ती नाराजी अजून विरलेली नाही.

मॅलरी मॅक्‌मॉरो राज्याच्या सिनेटमध्ये आहेत. २०१८ मध्ये रिपब्लिकन आमदाराला हरवून निवडून आल्या. एप्रिल २०२२ मध्ये सहकारी सदस्य महिलेनं केलेल्या घाणेरड्या आरोपाला त्यांनी सभागृहात दिलेलं उत्तर देशभर गाजलं. भाषणापेक्षा मला त्यांचं काम महत्त्वाचं वाटतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या २०२३ च्या गोळीबारानंतर, धोकादायक ठरलेल्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशानं बंदूक काढून घेण्याचा कायदा झाला. ते विधेयक त्यांचं होतं. ज्यांची मुलं ईस्ट लान्सिंगला, त्याच विद्यापीठात, शिकतात त्यांना याचं मोल सांगायला नको. पक्षातल्या जुन्या नेतृत्वाबद्दलही त्या स्पष्ट बोलल्या आहेत: चक शूमर यांना सिनेटमधला नेता म्हणून आपण पाठिंबा देणार नाही. उणीव एकच, वॉशिंग्टनचा अनुभव नाही. कोणाला ती उणीव वाटेल, कोणाला जमेची बाजू.

अब्दुल एल-सायेद हे डॉक्टर, साथरोगतज्ज्ञ, इजिप्तहून आलेल्या आईवडिलांचा इथे वाढलेला मुलगा. डेट्रॉइट शहराचा आणि नंतर वेन काउंटीचा आरोग्य विभाग त्यांनी सांभाळला. शाळकरी मुलांना मोफत चष्मे, कुटुंबांच्या डोक्यावरचं दवाखान्याचं कर्ज उतरवणं, अशी कामं त्यांच्या नावावर आहेत. २०१८ च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत ग्रेचेन व्हिटमर यांच्यामागोमाग ते दुसरे आले, सुमारे ३० टक्के मतं घेऊन. तिसरे होते आपले बेळगावचे श्री ठाणेदार. म्हणजे ती मतपत्रिका आपल्यातल्या अनेकांनी हातात धरलेली आहे.

एल-सायेद यांची मुख्य मागणी सर्वांसाठी मेडिकेअर, म्हणजे आज मुख्यतः ज्येष्ठांना मिळणारा सरकारी आरोग्य विमा. इतर दोघी आहे त्या व्यवस्थेवर बांधत जाण्याच्या बाजूच्या. आपल्याकडे बहुतेकांचा विमा नोकरीतून मिळालेला असतो, त्यामुळे हा प्रश्न दूरचा वाटतो. पण नोकरी गेली की पहिला विचार विम्याचाच येतो. आणि आईवडिलांना ग्रीन कार्डवर बोलावलं, तर पहिली पाच वर्षं मेडिकेअर विकतही मिळत नाही. उलट, चांगला विमा असलेल्यांनी तो सोडून नव्या व्यवस्थेत जायचं का, आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे प्रश्न एल-सायेद यांना विचारलेच पाहिजेत. डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स त्यांच्या पाठीशी आहेत. गाझाबद्दल तिघांत सर्वांत आधी आणि सर्वांत कडक तेच बोलले.

रॉजर्स लष्करात होते, मग एफबीआयमध्ये. २००० मध्ये काँग्रेसची पहिली निवडणूक त्यांनी १११ मतांनी जिंकली आणि पुढे गुप्तचर समितीचे अध्यक्ष झाले. राष्ट्रीय सुरक्षा, सीमा आणि करकपात हेच तुमचे मुद्दे असतील, तर त्यांच्याइतका अनुभव या चौघांत कोणाकडे नाही. मात्र मिशिगननं १९९४ नंतर एकही रिपब्लिकन सिनेटर निवडलेला नाही.

व्हिसाचं म्हणाल, तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचं एक लाख डॉलरचं शुल्क राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं आलं. पण ग्रीन कार्डवरची प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे, आणि ती हलवायची तर सिनेटमध्ये साठ मतं लागतात. म्हणून सभेत ‘तुम्ही इमिग्रंट्सच्या बाजूचे का’ असं विचारू नका, सगळेच हो म्हणतील. सात टक्क्यांचं काय करणार, एवढंच विचारा. माझं स्वतःचं मत याच उत्तरावर ठरणार आहे. माझ्या ओळखीची कितीतरी माणसं वीस-वीस वर्षं कर भरूनही रांगेत आहेत, त्यांना मत नाही. माझ्या मतात त्यांचाही वाटा आहे, असं मी मानतो.

शेवटी व्यवहाराचं. मिशिगनमध्ये पक्षाची नोंदणी नसते. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, पण खुणा एकाच रकान्यात करायच्या. दोन्हीकडे केल्या की पक्षीय मतं बाद. टपालानं मत देता येतं, आणि आधी किमान नऊ दिवस केंद्रावर जाऊनही. जुलैत भारतात जाणार असाल तर टपाली अर्ज आत्ताच भरा. नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतलेल्यांना तर मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत आपल्या शहराच्या क्लर्कच्या कार्यालयात नाव नोंदवता येतं, पत्त्याचा पुरावा मात्र सोबत हवा.