इलास्टिक लेस आणि लांब शूहॉर्न: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं सगळं काम होम व्हिजिटचं. कोथरूड, कर्वेनगर, मधूनच सदाशिव पेठ. दिवसाला सात घरं होतात. प्रत्येक दारात बूट काढायचे, पाऊण तासाने पुन्हा घालायचे. स्वतःचं घर धरलं तर दिवसाला सोळा वेळा पाय बुटातून आत-बाहेर होतो. चप्पल का घालत नाही, असं पेशंटच विचारतात. माझ्या टाचेचं जुनं दुखणं आहे, कडक टाचेच्या बुटाशिवाय संध्याकाळी पाऊल टेकवत नाही. त्यामुळे बूट सुटत नाहीत, आणि दारात ते काढण्यावाचूनही सुटका नाही.

गेल्या जूनपर्यंत माझी पद्धत सगळ्यांचीच असते तशी होती. सकाळी लेस बांधली की रात्रीपर्यंत सोडायची नाही. काढताना एका पायाच्या चवड्याने दुसऱ्या बुटाची टाच दाबून धरायची आणि पाय उपसायचा. घालताना चवडा आत खुपसायचा, टाच आपटत आपटत सरकवायची, नाहीच गेली तर बोट घालून ओढायची. दीड वर्षात तीन जोड गेले. तिसरा जोड घेऊन कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे गेले, तेव्हा त्यांनी टाचेचं अस्तर उसवून आतला पुठ्ठा दाखवला. बरोबर मध्यावर आडवी घडी पडून तो तुटला होता. "ताई, तळ अजून वर्षभर चालेल, पण टाच मेली," ते म्हणाले. त्यांनी नवा पुठ्ठा बसवून दिला, पण कारखान्यातली पकड काही परत आली नाही. ज्या टाचेसाठी मी महागडे बूट घेत होते, तीच रोज सोळा वेळा चेपत होते.

मग दोन गोष्टी घेतल्या. न बांधता वापरायच्या इलास्टिक लेस, दोन जोड, आणि साठ सेंटिमीटर लांबीचं धातूचं शूहॉर्न, म्हणजे बूट घालताना टाच आत सरकवायची पन्हळीसारखी पट्टी. पिशवीत ठेवायला एक बोटभर लांबीचं प्लास्टिकचंही घेतलं. सगळं मिळून सातशेच्या आत झालं.

इलास्टिक लेस दोन प्रकारच्या मिळतात. एक गोल दोरीसारखी, तिला स्प्रिंगचं बटण असतं, दाबून पुढेमागे सरकवायचं. दुसरी चपटी, तिची दोन्ही टोकं एका छोट्या धातूच्या नळीत अडकवून नळी फिरवून घट्ट करायची, आणि उरलेली लेस कापून टाकायची. दिसायला चपटी छान, साध्या बुटासारखीच. पण बसवताना मी चूक केली. खुर्चीत बसून ओढली, घट्ट केली, कापली. उभं राहिल्यावर वजनाने पाऊल पसरतं, हे मी रोज पेशंटला सांगते आणि स्वतःच्या बुटाच्या वेळी विसरले. तिसऱ्या घरापर्यंत उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. तिथे कातडीखाली मांस फारसं नसतं, नसा आणि शिरा हाडालगत असतात, त्यामुळे लेसचा दाब लगेच जाणवतो. घरी येऊन मुंग्या येत होत्या बरोबर त्या उंचवट्यावरची लेसची फुली सोडवली, तिथे लेस कडेकडेने वर नेली आणि त्याच्या पुढच्या भोकांपासून पुन्हा फुल्या घातल्या. मुंग्या थांबल्या. साध्या लेसने पाऊल दुखत असेल तरी हाच उपाय करून पाहा.

बसवण्याची बरोबर रीत अशी: सगळ्या भोकांतून सैल ओवून घ्या, मोजा घालून पाय आत घाला, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा, मग कुणाला तरी वाकून लेस ओढायला सांगा. सगळ्यात वरच्या फुलीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. दोन दिवस नुसती गाठ मारून तशीच वापरा आणि मगच कापा.

पावसाळ्यात या लेसने खरी सोय केली. माझ्या आधीच्या लेस सुती होत्या. भिजल्या की फुगायच्या, मग गाठ सोडल्याशिवाय पाय उपसता यायचा नाही, आणि सुरगाठ अशी आवळायची की नखाने उकलावी लागे. घाईत चुकीचं टोक ओढलं की झाली निरगाठ. तिसऱ्या मजल्याच्या अंधाऱ्या जिन्यात, एका हातात छत्री आणि खांद्यावर मशीनची बॅग घेऊन ओली निरगाठ सोडवायची वेळ जुलैत आठवड्यातून दोनदा तरी यायची. आता दारात उभं राहायचं, भिंतीला हात लावायचा, हाताने टाच धरून बूट काढायचा. चार सेकंद. चवड्याने टाच दाबायची सवय मात्र जायला दीड महिना लागला. अजूनही घाईत पाय आपोआप तिकडे जातो, मग थांबते.

शूहॉर्नबद्दल मला जास्त लिहायचं आहे. आपल्याकडे ती बुटांच्या दुकानातली वस्तू समजली जाते. दुकानदार वापरतो, आपण घरी आणत नाही. जपानमध्येही घरात शिरताना बूट काढतात, पण तिथे उंबऱ्यापाशी लांब शूहॉर्न ठेवलेलं असणं नेहमीचं आहे. आपण तेवढ्याच वेळा बूट काढतो आणि टाच चेपतो.

माझ्याकडे खुब्याचा सांधा बदललेले एक पेशंट होते, निवृत्त शिक्षक. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया केलेली असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही, असं सहसा सांगतात, कारण नवा सांधा निसटू शकतो. आता बुटाची लेस आपण कशी बांधतो ते पाहा. पुढे वाकून, किंवा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन. जे करायचं नाही तेच सगळं. सर फिरायला जायला तयार होते, काठीने छान चालत होते, पण फाटकापर्यंत जाऊन परत येत. चौथ्या व्हिजिटला म्हणाले, "ही खाली बसून माझे बूट बांधते. तिचे गुडघे दुखतात. मला नको वाटतं हो ते." मी माझं लांब शूहॉर्न दुसऱ्या दिवशी घेऊन गेले, त्यांच्या बुटाला माझ्याकडची दुसरी इलास्टिक लेस बसवली. उंच खुर्चीत बसून, पाठ सरळ ठेवून, शूहॉर्न टाचेच्या आतल्या बाजूला उभं धरून त्यांनी पाय आत सोडला. बूट टप्पकन बसला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा टाकला. ते शूहॉर्न मी तिथेच ठेवून आले आणि स्वतःला दुसरं घेतलं. तुमच्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनने घातलेली बंधनं आधी पाळा, पण या दोन वस्तू दवाखान्यातून घरी यायच्या आधी आणून ठेवा.

एक स्टूलही ठेवा, चपलांच्या रॅकजवळ, गुडघ्याच्या उंचीचं. एका पायावर उभं राहून दुसरा बूट ओढताना तोल जाऊन पडलेले माझे दोन पेशंट आहेत. एकाचं मनगट मोडलं होतं.

मधुमेह असलेल्यांनी इलास्टिक लेस जपून वापरावी. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर घट्ट झाल्याचं कळत नाही, सैल राहून घासल्याचंही कळत नाही. रात्री बूट काढल्यावर पाऊल सगळ्या बाजूंनी बघायचं, लाल डाग दिसला तर लेस बदलायची. आणि घालण्याआधी बुटात हात फिरवायचा. खडा, वळलेली सोलची कड, काहीही असू शकतं.

आता जिथे ही लेस उपयोगाची नाही ते. नोव्हेंबरमध्ये आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढले. चढताना काहीच जाणवलं नाही. उतरताना प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकत होता, कारण ताण आला की लेस ताणली जाणारच, ती तिच्या गुणाला जागणार. खाली पोचेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली. डाव्या पायाचं फेब्रुवारीत गळून पडलं. डोंगरासाठी मी आता वेगळा जोड ठेवलाय, साध्या लेसचा. सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं आणि आपण कधी वापरत नाही, त्यातून लेस त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करायचा, समोरचं टोक त्या फासातून ओवायचं आणि मग बांधायचं. टाच जागची हलत नाही.

आणि गाठ. हे मला प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलं होतं, पण झोळीसाठी. हात गळ्यात बांधताना पहिला पेड उजवा डाव्यावर घेतला तर दुसरा डावा उजव्यावर घ्यायचा, म्हणजे गाठ सपाट बसते आणि सरकत नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतला की तिरकी, ढिली गाठ होते. बुटाची सुरगाठ तशीच आहे. बांधून झाल्यावर वरून बघा: तिचे दोन कान पावलावर आडवे पडले असतील तर गाठ बरोबर, बोटांकडे आणि घोट्याकडे उभे वळले असतील तर चूक. सुधारायला फक्त पहिला पेड उलटा घ्यायचा, बाकी हात नेहमीसारखेच चालू द्यायचे. मी पस्तीस वर्षं चुकीची गाठ मारत होते. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या अभियंत्यांनी 2017 साली यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. धावताना पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो, त्याने गाठ ताणली जाते आणि सैल होत राहते. आणि पाय पुढेमागे हलताना लेसची मोकळी टोकं झटके देऊन तिला ओढतात. दोन्ही एकदम झालं की काही सेकंदांत गाठ उलगडते. त्यांच्या चाचण्यांत ही सपाट गाठ जास्त टिकली, पण सुटली तीही. म्हणून डोंगरावर मी मोकळी टोकं फुल्यांखाली खोचून टाकते.

टिकाऊपणा: चपटी लेस आठव्या महिन्यात सैल पडली. डावी आधी. कापलेली असल्याने पुन्हा आवळता आली नाही, नवीन जोड घ्यावा लागला. या वेळी स्प्रिंगच्या बटणाची घेतली आहे. दिसायला जरा खेळाडूसारखी दिसते, पण संध्याकाळी पाय सुजले की पेशंटच्या दारातच बोटभर सैल करता येते. धातूच्या नळीला गंज आला नाही. मोठं शूहॉर्न जसंच्या तसं, छोटं प्लास्टिकचं मध्येच वाकून तुटलं, त्याऐवजी स्टीलचं घेतलं.

बूट तेच आहेत, जूनमध्ये घेतलेले. काल मोचीकाकांनी टाचेवरून अंगठा फिरवून पाहिला, पुठ्ठा अजून कडक आहे. यंदा तळ बदलून घेणार आहे.