समाजमंदिर कोणत्या निधीतून बांधावे आणि कोणत्या निधीतून चालवावे : ठाणे जिल्ह्यातील संस्थांसाठी तुलनात्मक आढावा

ठाणे, ऐरोली किंवा नेरुळ येथे नोंदणी असलेल्या आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अभ्यासिका, बालवाडी किंवा आरोग्य तपासणीचे काम करणाऱ्या लहान संस्था एक प्रश्न वारंवार विचारतात. समाजमंदिरासाठी आमदार निधी मागावा, जिल्हा परिषदेकडे जावे की एखाद्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च पाहणाऱ्या, विभागाला प्रस्ताव द्यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी तो दोन भागांत तोडावा, असे मला अनुभवातून वाटते. बांधकामाचा पैसा वेगळा असतो आणि चालवण्याचा पैसा वेगळा असतो. दोन्ही देणारा एकच मार्ग क्वचितच सापडतो.

शहापूर तालुक्यातील ज्या समाजमंदिरात आम्ही अभ्यासिका सुरू केली, ते प्रथम पाहिले तेव्हा दाराला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते कुटुंब वीटभट्टीवर गेलेले होते. चार दिवसांनी दार उघडले, तेव्हा आत भाताचा पेंढा खिडकीच्या वरपर्यंत रचलेला होता. थकबाकीमुळे वीजमीटर काढून नेलेला होता आणि त्या जागी भिंतीवर चौकोनी फिकट डाग उरला होता. बांधकाम चांगले होते, भिंतीला कुठे चीर गेलेली नव्हती. इमारतीसाठी कुणीतरी नेटाने पाठपुरावा करून निधी आणला होता. वीजबिल, झाडलोट आणि किल्ली सांभाळणारे माणूस यांसाठी मात्र कुणाकडे कधी पैसे मागितलेच गेले नव्हते.

आता पहिला मार्ग, म्हणजे लोकप्रतिनिधींचा निधी. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११-१२ पासून तिची मर्यादा प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. राज्यातील आमदारांचा स्थानिक विकास निधीही वाढत वाढत ५ कोटींपर्यंत आला आहे. लोकप्रतिनिधी कामाची शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते आणि काम शासकीय यंत्रणा करून घेते. संस्थेच्या हाती पैसा येत नाही. हा निधी टिकाऊ स्वरूपाच्या सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे, त्यामुळे शिक्षिकेचे मानधन किंवा औषधे त्यातून मागणे व्यर्थ आहे. याच्याच शेजारी ग्रामविकास विभागाचे ते लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाचे शीर्ष (२५१५), आहे, ज्याला तालुक्यात सगळे ‘पंचवीस-पंधरा’ म्हणूनच ओळखतात. मूलभूत सुविधांची कामे तेथूनही लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने होतात. शिफारसपत्र लवकर मिळते, हे या मार्गाचे बळ आहे. पत्र मिळाले म्हणजे काम मंजूर झाले असे समजून गावात शब्द देऊन बसणे, ही येथली नेहमीची चूक आहे. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे सगळे त्यानंतर येते.

दुसरा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा आणि त्यातून चालणाऱ्या योजनांचा आहे. आदिवासी वस्ती असेल तर ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा कार्यक्रम, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती असेल तर समाजकल्याण विभागाची वस्ती विकासाची योजना. दोन्हींत समाजमंदिराचे काम बसते. शहापूरमध्ये एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असल्याने पहिल्या योजनेची चौकशी तेथेच करता येते. हा मार्ग लोकप्रतिनिधींच्या निधीपेक्षा संथ आहे, पण येथे वस्तीचे निकष लिहिलेले असतात आणि निकषांत बसणाऱ्या पाड्याला आपली बाजू कागदावर मांडता येते. म्हणून ओळखीपाळखी नसलेल्या संस्थेने माझ्या मते येथूनच सुरुवात करावी.

जागेचा प्रश्न मात्र दोन्ही मार्गांत सारखाच अडवतो. इमारत ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत जाणार असते, त्यामुळे जागा गावठाणातील किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातील असावी लागते आणि ग्रामसभेचा ठराव सातबाऱ्याशी तंतोतंत जुळावा लागतो. आमचा एक प्रस्ताव गट क्रमांकातील एका आकड्यामुळे परत आला. ठराव दुरुस्त करण्यासाठी पुढच्या ग्रामसभेची वाट पाहिली आणि तोपर्यंत त्या वर्षाच्या कामांची यादी मंजूर होऊन गेली. शहापूर-मुरबाडचे अनेक पाडे वनजमिनीवर आहेत आणि तेथे ‘जागा वन विभागाची आहे’ एवढे ऐकून माणसे माघारी फिरतात. तसे करू नये. वनहक्क कायदा, २००६ मधील कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांच्या बरोबरीने सामुदायिक केंद्राचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्येक कामासाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नाहीत अशा बेताने आणि ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करता येते. हा प्रस्ताव निधीच्या अर्जाच्या आधी करावा.

तिसरा मार्ग थेट ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या पैशाचा आहे आणि संस्था त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात, याची मला मनापासून खंत वाटते. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ मध्ये, राज्याने हा निधी ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यात ८०, १० आणि १० टक्के असा वाटला. त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, उरलेली ४० टक्के अबंधित होती. अबंधित रकमेतूनही पगार व आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. पुढचा कालावधी सोळाव्या आयोगाचा असल्याने अर्जात जुनी टक्केवारी न लिहिता ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून, चालू आदेशाची प्रत मागून घ्यावी. या निधीतील काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असल्याशिवाय होत नाही.

शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड आणि भिवंडीतील काही गावेही आहेत. या गावांना पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या नावाने ओळखला जाणारा, अबंध निधी मिळतो. आदिवासी उपयोजनेच्या, म्हणजे आदिवासी विकासासाठी वेगळ्या ठेवलेल्या तरतुदीच्या, ५ टक्के रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात थेट गावाकडे देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला आणि पायाभूत सुविधा, पेसा व वनहक्कांची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि वनसंवर्धन ही त्याच्या खर्चाची क्षेत्रे आहेत. रक्कम मोठी नसते. तरी बंद समाजमंदिराची दुरुस्ती, सौर दिवे, अभ्यासिकेची टेबले, पुस्तके यांसाठी मुंबईतील एखाद्या कार्यालयात खेपा घालण्यापेक्षा पाड्याच्या ग्रामसभेत बसून ठराव करून घेणे अधिक खात्रीचे आहे. आमच्या समाजमंदिराची वायरिंग अशीच झाली. मोजमाप घ्यायला आलेल्या शाखा अभियंत्यांसमोर पाड्यावरच्या दोन बायकांनी स्वतः टेप धरला आणि ‘इथं मुलं बसतात, इथं उजेड पाहिजे’ म्हणत प्रत्येक दिव्याची जागा दाखवली.

चालवण्याच्या खर्चासाठी सीएसआर हा सर्वांत खुला मार्ग आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. म्हणून शहापूरच्या कामासाठी आसनगाव परिसरातील आणि मुरबाड एमआयडीसीतील कंपन्यांना आधी भेटावे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांकडे नंतर वळावे. संस्थेला आयकर सवलतीसाठीची १२ए व ८०जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक लागतो. १ एप्रिल २०२१ पासून या क्रमांकाशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘सीएसआरमध्ये पगाराला ५ टक्क्यांहून अधिक मिळत नाही’ असे अनेक संस्थाचालक सांगतात आणि त्या भीतीने शिक्षिकेचे मानधन प्रस्तावात लपवून ‘साहित्य’ या शीर्षाखाली टाकतात. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा खर्च त्यात मोजला जात नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला आहे. मानधन मानधन म्हणूनच लिहावे. कंपनीचे अंतर्गत धोरण अधिक कडक असू शकते, तर ते पहिल्याच भेटीत विचारावे. कालावधीचा प्रश्नही तेव्हाच काढावा. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता मिळाली तर तो सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षे चालू शकतो. अन्यथा दर मार्चला अभ्यासिका बंद पडण्याची टांगती तलवार राहते. मार्चमध्ये घाईघाईने देऊ केलेल्या रकमेला, ती पुढच्या वर्षीही मिळणार नसेल तर, नकार देण्याचे धैर्य संस्थेने ठेवावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

सीएसआरमधून इमारतही बांधता येते आणि ती कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही. सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेकडे, बचत गटासारख्या लाभार्थी समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे ती द्यावी लागते. शासकीय निधीतील इमारत ग्रामपंचायतीची होते. संस्थेला स्वतःची वास्तू हवी असेल तर फरक येथे आहे. पण विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता पुढे विकायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि डागडुजी कायमची आपल्या गळ्यात पडते. पाड्यावरची वास्तू पाड्याचीच असावी, असे माझे मत आहे.

परदेशी देणग्यांचा विचार लहान संस्थेने सध्या बाजूला ठेवावा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील, नोंदणीसाठी तीन वर्षांत १५ लाख रुपयांचा मूळ कामावरचा खर्च दाखवावा लागतो, खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत उघडावे लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

इमारत अजिबात नसेल तर आदिवासी वस्ती सुधारणेचा किंवा लोकप्रतिनिधींचा मार्ग धरावा, आणि त्याच वेळी ग्रामपंचायतीबरोबर वापराचा करार करून सीएसआरचा प्रस्ताव तयार ठेवावा. करारात वीजबिल कुणी भरायचे, किल्ली कुणाकडे राहील आणि लग्नकार्याला सभागृह कोणत्या दिवशी द्यायचे, हे तीन मुद्दे नावानिशी लिहून घ्यावेत. इमारत बंद पडलेली असेल तर नव्या बांधकामाचा विचार सोडून पेसा निधीतून दुरुस्ती करून घ्यावी. दोन्ही बाबतीत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी सातबारा, नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता आकारणी नोंदवहीचा) उतारा आणि ठरावाचा मसुदा एकत्र ठेवून गट क्रमांक दोघांनी मोठ्याने वाचून ताडून पाहावा.