मिशी नसलेलं पिल्लू

फोन उचलल्यावर पिल्लं विकणाऱ्या त्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, घरात कुणाला ॲलर्जी आहे का?" मी फोनवर हात ठेवून नवऱ्याला म्हटलं, बघ, किती आपुलकीने विचारतोय.

आमची धाकटी कुत्र्याजवळ बसली की शिंकत सुटते, डोळे चोळून चोळून लाल करते. तरी तिला कुत्राच हवा. दोन वर्षं टाळाटाळ केल्यावर कुणीतरी पूडल या कुरळ्या केसांच्या जातीच्या संकराबद्दल सांगितलं. कॉकापू, माल्टिपू, लॅब्राडूडल. केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, मुलांमध्ये छान रमतात वगैरे. आम्ही कॉकापूवर आलो, म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडल.

फोनवर मी त्याला सगळंच सांगून टाकलं. मुलीच्या शिंका, घर लहान, आम्ही दोघंही नोकरीवर, मोठा कुत्रा झेपणार नाही. त्याने मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, नेमकं तुमच्यासारख्यांसाठी एक पिल्लू राहिलंय." केस गळणार नाहीत, शिंका येणार नाहीत, पूर्ण वाढलं तरी सहा किलोच्या वर जाणार नाही, दिवसभर एकटं शांत झोपून राहील. माझीच यादी तो मला परत वाचून दाखवत होता. आणि मी खूश होऊन नवऱ्याला सांगत होते की जमलं एकदाचं!

पिल्लाच्या आईला बघायचंय म्हटलं, तर ती परक्या माणसाला बघून बिथरते. व्हिडिओ कॉल म्हटलं, तर नेटवर्क नाही. एक फोटो आला, सोनेरी कुरळी कुत्री, शेजारी तीन पिल्लं. इसार लगेच भरा, दुसरं एक कुटुंब वाटेवर आहे. भरला. वीज बिल तीनदा तपासणारी बाई मी, पण ते पिल्लू दुसरं कुणी नेईल या धास्तीने दहा मिनिटांत पैसे पाठवून मोकळी झाले.

"तुम्हाला एवढ्या लांब कशाला त्रास, मी अर्ध्या वाटेवर येतो." त्याचं घर आम्ही कधी पाहिलंच नाही. रस्त्याच्या कडेला गाडीच्या डिकीतून त्याने खोका काढला. आत जंतुनाशकाचा भपका आणि मुठीएवढं पिल्लू, डोळे मिचकावत. धाकटीने जागेवर नाव ठेवलं, कापूस. सोबत लसीची पुस्तिका, कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपचा नंबर आणि सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र: 'शुद्ध वंशावळीचा कॉकापू, एफ वन'. संकराची शुद्ध वंशावळ! आता हसू येतं. कॉकापू ही एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या किंवा अमेरिकन केनेल क्लबच्या मान्य जातींत नाहीच. कागद असलेच तर आईचे वेगळे आणि बापाचे वेगळे. 'एफ वन' म्हणजे फक्त पहिली पिढी, एक पालक पूर्ण पूडल, दुसरा पूर्ण कॉकर.

दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी कापूसला टेबलावर घेतलं, अंगठ्याने ओठ वर केला आणि हिरडीवरून बोट फिरवत मला म्हणाले, "हे बघा. मागे काही दिसतंय?" पुढे सुईसारखे दात होते. मागे नुसती गुलाबी हिरडी, तिला एका जागी जेमतेम पांढरं टोक फुटलेलं. कुत्र्याला दुधाचे २८ दात येतात आणि आठव्या आठवड्याच्या आसपास ते सगळे वर आलेले असतात. आम्हाला सांगितलं होतं नऊ आठवडे. डॉक्टरांच्या मते जेमतेम पाच. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. आई-भावंडांत राहून ते जे शिकतं, उदाहरणार्थ किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो, ते माणसाला शिकवत बसावं लागतं. माझ्या दोन्ही मनगटांवर अजून खुणा आहेत.

ते इवलंसं दिसत होतं, कारण ते इवलंसंच होतं. जात लहान म्हणून नव्हे, वय लहान म्हणून.

मग पुस्तिका. पहिली लस तीन आठवड्यांपूर्वी टोचल्याची नोंद, म्हणजे पिल्लू दोन आठवड्यांचं असताना! लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर सुरू होतात. खऱ्या पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं लेबल चिकटवतात, आमच्यात निळ्या पेनाने नुसतं लसीचं नाव. चिप वाचायचं यंत्र मानेवरून, खांद्यांवरून दोनदा फिरवलं. काही नाही. आणि कागदावरच्या नंबरात १३ आकडे, चिपचा नंबर असतो १५ आकडी. मोजायचं कुणाला सुचतं? जंत निघाले, चार दिवस सलाइन लागलं, वाचला.

मी फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "डॉक्टर लोक घाबरवतातच, ताई." दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा नंबरच बंद.

खरं कोडं उलगडलं मिशीवरून. चार महिन्यांचा झाला तरी कापूसचं तोंड चपलेसारखं गुळगुळीत. पूडलच्या तोंडावर मिशी, दाढी, झुबकेदार भुवया असतात आणि त्यामागे आरएसपीओ२ नावाचं जनुक आहे, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलंय. हा गुण प्रबळ आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसतो. पूडलकडे सहसा जनुकाच्या दोन्ही प्रती मिशीवाल्याच असतात, त्यामुळे खऱ्या एफ वन पिल्लाला मिशी येणारच. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडावर ती दिसायला लागते. गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए तपासणी करून घेतली: पूडलचा अंश आठवा हिस्सा, थोडा स्पॅनियल, बाकी सगळी सरमिसळ. सरमिसळ असण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तसा कुत्रा आम्ही आनंदाने आणि फुकट घरी आणला असता. आठ महिन्यांत तो १७ किलोचा झाला आणि सोफ्यावर केसांची गादी झाली.

ॲलर्जीचं मात्र मी त्या माणसाच्या एकट्याच्या माथी मारणार नाही. खरा कॉकापू मिळाला असता तरी खात्री नव्हतीच. कुत्र्याची ॲलर्जी केसाने होत नाही. कॅन एफ १ सारखी जी प्रथिनं त्रास देतात ती लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, केस गळोत न गळोत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली लॅब्राडूडल, पूडल वगैरे 'ॲलर्जीमुक्त' म्हणवणाऱ्या कुत्र्यांचे केस तपासले, तर त्यांत हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी नव्हे, जास्तच निघालं. ज्या लॅब्राडूडलमुळे ही हवा झाली, तो १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी एका अंध बाईसाठी जन्माला घातला होता, कारण तिच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. त्या वेतातल्या तीन पिल्लांचे केस आणि लाळ त्या नवऱ्याकडे पाठवली. तिघांतलं एकच चाललं. विकणारे त्या एकाची गोष्ट सांगतात, उरलेल्या दोघांची नाही.

आता कुणी विचारलं तर मी आधी म्हणते, मुलीला घेऊन जा, त्याच कुत्र्याच्या आई-बापाजवळ दोनतीन तास बसव, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. जिथे पिल्लू जन्मलं तिथेच जा. आई तिथे दिसली पाहिजे, पिल्लं तिच्याकडे धावली पाहिजेत. आई-बापाच्या तपासण्यांचे कागद माग. पूडल आणि कॉकर दोन्हींत डोळ्यांचा पडदा झिजून आंधळं करणारा आनुवंशिक आजार आहे आणि त्याची डीएनए तपासणी होते. लहान पूडलच्या गुडघ्याची वाटी सरकते, मोठ्या संकराच्या खुब्याचा एक्स-रे लागतो. 'डॉक्टरांनी बघितलंय, ठणठणीत आहे' ही तपासणी नव्हे. आणि आपल्याला काय हवंय ते आधी बोलायचंच नाही. त्याच्याकडे काय आहे ते त्याला बोलू दे. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच झाली, इसाराआधीची. बाकी, खरोखर कुरळं पिल्लू मिळालं तरी रोज कातडीपर्यंत विंचरावं लागतं, नाहीतर जटा होऊन सगळं भादरावं लागतं. हेही कुणी सांगत नाही.

कापूस आता मोठ्या नणंदेकडे असतो, तिच्या घराला मोकळं आवार आहे. धाकटी रविवारी गोळी घेऊन त्याला भेटायला जाते आणि शिंकत परत येते.

गेल्या महिन्यात तोच फोटो पुन्हा दिसला. तीच सोनेरी कुत्री, तीच तीन पिल्लं, नंबर नवा. मी नणंदेच्या फोनवरून लावला. आवाज ओळखीचाच.

"बोला ताई," तो म्हणाला, "घरात कुणाला ॲलर्जी आहे का?"