हिमेजीचा किल्ला : २५०० येन कुठे वसूल होतात

ओसाकाचा किल्ला पाहून ‘जपानी किल्ला बघितला’ म्हणणाऱ्यांनी रेल्वेने आणखी तासभर पश्चिमेला जावं. ओसाकाची मधली इमारत १९३१ची, काँक्रीटची, आत लिफ्ट असलेली. हिमेजीचा बालेकिल्ला १६०९मध्ये पुरा झाला आणि त्याचा लाकडी सांगाडा डागडुजी होत होत आजही उभा आहे. जपानात असे अस्सल बालेकिल्ले फक्त १२ उरलेत. त्यांत हा सर्वांत मोठा.

मार्च २०२६पासून तिकीट मात्र भलतंच वाढलंय. शहराबाहेरच्या प्रौढांना १००० येनऐवजी २५०० येन; १८ वर्षांखालच्यांना फुकट. दीड तासात वर जाऊन, फोटो काढून खाली यायचं असेल तर पैसे वाया गेले असं वाटेल, आणि ते खरंही असेल. तीन तास हाताशी असतील तर महाग नाही. कारण या किल्ल्याची खरी करामत सर्वांत वरच्या मजल्यावर नाही, वर नेणाऱ्या वाटेत आहे.

इकेदा तेरुमासा हा पुढे जपानचा शोगुन (लष्करी सत्ताधीश) झालेल्या तोकुगावा इएयासूचा जावई. इएयासूने जिंकलेल्या १६००च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर हा मुलूख त्याला मिळाला. पश्चिमेकडच्या सरदारांवर वचक हवा होता, म्हणून इएयासूच्या आधीचा सत्ताधीश हिदेयोशी याचा तीन मजली बालेकिल्ला मोडून त्याने १६०१पासून आजचा बांधायला घेतला. पुढे इथे मोठी लढाई झालीच नाही, त्यामुळे वाटेतले सगळे डावपेच न वापरलेले, जसेच्या तसे मिळतात.

हिशी-नो-मोन या मोठ्या दरवाज्यातून आत आलं की बालेकिल्ला समोर दिसतो. सरळ रेषेत अंतर जेमतेम १३० मीटर; चालायचं मात्र सव्वातीनशेच्या आसपास. बहुतेक लोक इथून तडक वर सुटतात. तसं करू नका. आधी डावीकडे निशी-नो-मारूत, म्हणजे पश्चिमेच्या आवारात, शिरा, कारण बालेकिल्ला उतरल्यावर एकेरी वाट परस्पर खाली नेते आणि मग पुन्हा चढून यायचं त्राण कुणात नसतं. हा भाग १६१७मध्ये आलेल्या होंडा घराण्याचा. इएयासूची नात सेनहिमे ओसाकाच्या पाडावात विधवा झाली आणि होंडांच्या घरी दुसऱ्यांदा लग्न होऊन आली. तिच्या विश्रांतीची खोली इथेच. तटावरून जाणारा लांबच लांब लाकडी बंदिस्त ओवरा चालून जाता येतो. गर्दी कमी, वारा छान.

मग मुख्य वाट. दरवाज्यांची नावं इ, रो, हा, नि, हो, अशी जुन्या जपानी मुळाक्षरांच्या क्रमाने. ‘हा’च्या चढावर भिंतीतल्या जंग्या नीट बघा: गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं बंदुकीसाठी, उभी लांबट धनुष्यासाठी. आतून रुंद, बाहेरून अरुंद. किल्ल्यात अशा हजारेक उरल्यात. पायऱ्यांची लांबी-उंची एकसारखी नाही, त्यामुळे धावणाऱ्याचा ठेका चुकतो. आजच्या पर्यटकाचाही चुकतो. ‘हा’ दरवाज्याच्या खांबाखाली दगडी दिव्याची बैठक पायाचा दगड म्हणून वापरलीय, वाकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

‘हा’ ओलांडताच वाट उलटी वळते आणि बालेकिल्ला पाठीमागे जातो. ‘नि’ दरवाज्यात छत डोक्याला टेकेल इतकं खाली, वाट आतच वळलेली. वरच्या खोलीतून भाले खुपसायची सोय. ‘हो’ तर लोखंडी पत्रा मारलेली खिंडच. त्याच्या आत पांढऱ्या गिलाव्याऐवजी पिवळट मातीची भिंत लागते, ती हिदेयोशीच्या काळची मानतात. पुढे पहिल्या पाण-दरवाज्यापासून वाट चक्क उतरायला लागते. बालेकिल्ला हाताच्या अंतरावर आणि पाय खाली चाललेत: रस्ता चुकला असं वाटावं यासाठीच हे केलंय. जवळच्या तटात जाळीआड जात्याची तळी दिसते. दगड कमी पडले तेव्हा एका म्हातारीने हिदेयोशीला दिली अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, टंचाई होतीच. बिझेन दरवाज्याशी तर दगडी शवपेटी उभी करून तटात चिणलीय.

आता बालेकिल्ला. बाहेरून पाच मजले, आतून सहा आणि एक तळघर. बूट काढून पिशवीत घालायचे आणि हातात धरून चढायचं. म्हणजे कठड्यासाठी एकच हात उरतो. लाकूड घासून गुळगुळीत झालंय, वरचे जिने जवळजवळ शिडीसारखे उभे. साध्या मोज्यांनी उतरताना पाय हमखास सरकतो. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे न्या. लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर बालेकिल्ल्यापुढच्या मोकळ्या आवारापर्यंत, बिझेन-मारूपर्यंतच जा; बालेकिल्ला तिथूनही जवळून दिसतो.

आत सामान फार नाही, हीच मुख्य तक्रार ऐकू येते. तक्रार चुकीची नाही, पण बघायची वस्तू सांगाडाच आहे. तळापासून वर गेलेले दोन खांब सुमारे २५ मीटरचे. पश्चिमेचा १९५६–६४च्या दुरुस्तीत बदलला. तो दोन लाकडांचा असून जोड तिसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या भिंतींवर बंदुका-भाले अडकवायच्या खुंट्या, तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यांत शिपाई दडवायच्या खोल्या, खिडक्या उंच पडल्या म्हणून वर चढून मारा करायला बांधलेले ओटे. सहाव्यावर ओसाकाबे या किल्ल्याच्या रक्षक देवतेचं छोटं देऊळ. जुलै १९४५च्या बॉम्बवर्षावात शहर जळालं. इथे पडलेला बॉम्ब फुटला नाही.

छप्पर दुरून इतकं पांढरं दिसतं ते कौलांच्या सांध्यांवरही चुन्याचा गिलावा असल्यामुळे. वाऱ्याने कौल हलत नाही, पाणी झिरपत नाही. पण बुरशी धरून तो काळवंडतो. २०१५ला दुरुस्ती संपली तेव्हाचा लख्खपणा आता नाही.

शिन-ओसाकाहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) अर्धा तास. ओसाका स्टेशनवरून साध्या जलद गाडीने तासभर, तिकीट बरंच स्वस्त. स्टेशनपासून सरळ रस्त्याने २० मिनिटं चालत. बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्येच ठेवा. किल्ला ९ला उघडतो. २९ आणि ३० डिसेंबरला बंद. एप्रिलच्या सुरुवातीला साकुराच्या (चेरीच्या बहराच्या) दिवसांत बालेकिल्ल्याच्या जिन्यांवर रांग अडते, तेव्हा उघडायच्या आधी पोहोचा. बालेकिल्ल्यात शौचालय नाही, खालीच उरकून घ्या. नुसता फोटोच हवा असेल तर तिकीट काढूच नका: वायव्येची ओतोकोयामा टेकडी चढा, तिथून अख्खा किल्ला फुकटात दिसतो.