टिक्झमध्ये नोडची नावं: फोरईच की पिक?

कोकण रेल्वेची एकेरी मार्गिका लाटेक या मजकूर मांडणाऱ्या प्रणालीत, तिच्या टिक्झ या चित्रं काढायच्या पॅकेजने काढायला घेतलेल्या एका भाचीचा प्रश्न: सावर्डा, आरवली रोड, संगमेश्वर रोड, प्रत्येक स्टेशनात तेच फलाट, तेच दोन सिग्नल, मग नावं द्यायची कशी?

आधी एक लक्षात घ्या. टिक्झमध्ये नोडचं, म्हणजे चित्रातल्या नाव देता येणाऱ्या ठिपक्याचं किंवा चौकटीचं, नाव अख्ख्या चित्रभर चालतं. फोरईचमध्ये, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या आवर्तनात, प्रत्येक वेळी नुसतं 'सिग्नल' म्हटलंत तर शेवटचा तेवढा टिकतो आणि सगळे बाण शेवटच्या स्टेशनाला, रत्नागिरीला, जाऊन थडकतात.

लिहायला फोरईच सोपं. नावात क्रमांक गुंफला, 'सिग्नल-३', की काम झालं. पुढच्या स्टेशनाला रेघ जोडताना मात्र ३+१ नावात आपोआप सुटत नाही. फोरईचचा 'इव्हॅल्युएट' हा गणित करणारा पर्याय वापरून, तेही 'इंट' या फलनाने पूर्णांक करून घ्यावं लागतं. नाहीतर ४.० मधल्या टिंबापुढचं शून्य टिक्झ कोन समजतो आणि रेघ नोडच्या उजव्या कडेला नेऊन जोडतो. या एका टिंबापायी माणसं रात्र घालवतात.

पिक म्हणजे एकदा आखून हवं तिथे ठेवता येणारं छोटं चित्र. त्याला सुरुवातीची मेहनत जास्त. पण आत '-सिग्नल' एवढंच लिहायचं. पिकला 'सावर्डा' नाव दिलं की बाहेर तो सिग्नल 'सावर्डा-सिग्नल' होतो. आतल्या रेघांना छोटं नाव पुरतं. उद्या फलाट वाढला तर दुरुस्ती एकाच जागी.

स्टेशनात एकच ठिपका असेल तर फोरईच बस्स. भाचीच्या नकाशाला पिकच घ्यावं, आणि स्टेशनं ओळीत मांडायला बाहेरून फोरईच. दोघांचं वाकडं नाही.